हिरव्या शिंगांचा बैल

तुळसाबाईंचा हिरवा रंग एकदा लाकडावर बसला की बसला. तान्ह्या पोळ्याला पोरं जे लाकडी बैल ओढत नेतात, त्यांच्या पाठीवरच्या झुली त्या रंगवत. बाकीचे रंग दुकानातले, हिरवा मात्र घरचा. आंबट ताकात नवसागर कालवायचा, त्यात तांब्याच्या पत्र्याचे तुकडे टाकायचे आणि मडक्याचं तोंड फडक्याने बांधून ठेवायचं. तांब्यावर हिरवी खपली धरली की ती खरवडून जवसाच्या तेलात घोटायची. हाच जंगाल. सासूबाई सांगत, पूर्वी देवळांच्या भिंतींवरचे पोपट याच रंगाचे असत, वैद्य जखमेच्या मलमातही चिमूटभर घालीत, आणि पोथीतल्या चित्राला कुणी जास्त फासला तर तो कागदच खाऊन टाकी.

मुलगा जितेंद्रने हुडकेश्वरला घर बांधलं, तेव्हा फ्रिज आणि गाद्या टेम्पोतून गेल्या. बाई रिक्षाने गेल्या, मडकं मांडीवर घेऊन. सून भूमिका हसली होती. सासू-सुनेचं तसं बरं चालायचं.

सासूबाईंनी रंगासोबत एक नियमही दिला होता. जंगाल बैलाच्या पाठीवर, तोंडाकडे कधीच नाही. "पोट्टं बैलाले पहिले शिंगाकडूनच चाटते वं," असं त्या म्हणत. म्हणून शिंगांना गेरू आणि तोंडाला हळद. उभ्या जन्मात तुळसाबाईंनी हा नियम मोडला नाही, आणि मोडला तो नेमका स्वतःच्या नातवासाठी. माया आंधळी असते म्हणतात, ते काही उगीच नाही.

आयुष बऱ्याच वर्षांनी झालेलं लेकरू. त्याच्या पहिल्या तान्ह्या पोळ्याला त्याचा बैल सगळ्या गल्लीत उठून दिसायला हवा होता. बाईंनी शिंगंही हिरवीगार केली. वरून रोगण दिलं आहे, आता काय होतंय, अशी मनाची समजूत घातली. आयुषला तेव्हा दात येत होते. शेजारणी बैलाचं कौतुक करेपर्यंत शिंगावरचं रोगण सोलून निघालं होतं आणि पोराच्या तोंडातून हिरवी लाळ गळत होती. मग उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात भूमिका त्याला छातीशी धरून बसली, आणि बाई बाहेर बाकावर, दोन्ही हात पदरात लपवून.

पोर वाचलं. घरी आल्या आल्या बाईंनी मडकं अंगणात खोल पुरलं. जितेंद्र म्हणाला, "झालं गेलं, आई." भूमिकेने चार शब्द सुनावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. ती चहा द्यायची, गोळ्यांची आठवण करायची, पण आयुषला त्यांच्या मांडीवर देईना. बाईंनी हात पुढे केले की त्याला नेमकी भूक लागायची, नाहीतर झोप यायची. बाईंनीही मागणं सोडलं. दुसऱ्यांच्या घरची पोरं बघितली की मात्र हात पुन्हा पदरात जायचे.

पुन्हा तान्हा पोळा आला. सकाळी "घेऊन जा गे मारबत" ओरडत लोक इडापिडेचा पुतळा गावाबाहेर जाळायला घेऊन गेले. बाईंनी पालक वाटून कपड्यातून गाळला, त्यात डिंक घातला आणि एक कोरा बैल काढून त्याची फक्त शिंगं रंगवली. रंग कसला, मिळमिळीत! सासूबाईंनी नाक मुरडलं असतं.

दुपारी भूमिका आयुषला नवा कुडता घालत होती. बाई समोर बसल्या, बैलाचं एक शिंग तोंडात धरलं, चांगलं चघळलं आणि सुटलेला रंग गिळला. मग दुसरं.

"आई, हे काहून करून राहिल्या?"

"पालक हाय. तुह्या देखत खाल्लं. आता माह्यावर नको, पण बैलावर तरी भरोसा ठेव."

भूमिकेने त्यांच्या हिरव्या ओठांकडे बघितलं. मग तिने आयुषला उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

पोराने बैल हिसकावला आणि सरळ शिंग तोंडात घातलं. हनुवटीवरून हिरवी लाळ ओघळली. बाई घाबरून बैल ओढायला गेल्या. भूमिकेने त्यांचा हात धरला.

"चावू द्या, आई. दाढा येऊन राहिल्या त्याच्या."