तळाशी लिहिलेल्या ओळी

मे महिन्यातल्या लाँग वीकएंडची एडमंटनची तिकिटं काढून झाली होती. शैलजाताईला फोनवर सांगितलंही होतं, की मी येऊन तुझ्या उशाशी बसणार आहे, तू कंटाळलीस तरी उठणार नाही. ती हसली होती. हसताना धाप लागत होती, पण हसली होती. त्याच्या पुढच्याच आठवड्यात, मी इथे कोक्विटलामला मुलाच्या स्विमिंग क्लासमध्ये बाकावर बसलेली असताना तिच्या नवऱ्याचा, विनयभाऊजींचा फोन आला. आजूबाजूला मुलांचा कल्ला, शिट्ट्या, पाण्याचे धपाधप आवाज. एका कानात बोट घालून मी दुसऱ्या कानाने ऐकत होते. ते म्हणाले, "मेधा, शैलजा गेली." आणि मी विचारलं, "कुठे?"... पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला, आणि मग मला कळलं.

आमची ओळख एडमंटनमधल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीतली. मी पुण्याहून नवीनच आले होते, हातात होते नव्हते ते सगळे कपडे पुण्याच्या थंडीचे. ती नागपूरची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, तिथे चांगली मुरलेली. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे नाही, माझ्या बुटांकडे पाहिलं. "हे पुण्यात चालतील बाप्पा, इथे नाही," एवढंच म्हणाली आणि लंच टाइममध्ये मला गाडीत घालून विंटर बूट घ्यायला घेऊन गेली. परत येताना गाडीतच डबा उघडून गोळाभात खायला लावला. तेव्हापासून ती माझी ताई. सासरी-माहेरी दोन्हीकडे मला सख्खी मोठी बहीण नव्हती, ती जागा तिने न विचारता घेतली.

तिचं काम समजायला मला वेळ लागला. आमची कंपनी भाड्याच्या इमारती सांभाळणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. भाडेकरू आपली तक्रार साध्या ईमेलने पाठवत, आणि शैलजाताईने लिहिलेला प्रोग्रॅम तो मेल उघडून वाचे. पाठवणारा कोण, कुठल्या इमारतीतला, काय बिघडलंय, नळ की लिफ्ट की हीटर, हे शोधून काढून तो इमारतीच्या मॅनेजरकडे कामाची नोंद पाठवी. ऐकायला सोपं वाटतं. पण माणसं मेल कसे लिहितात, ते तिच्याकडून ऐकावं. कुणी सगळं कॅपिटल अक्षरांत लिहिणार, कुणी एक शब्दही न लिहिता गळक्या नळाचा फोटो पाठवून देणार, कुणी आधी बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल लिहून अगदी शेवटी 'आणि बाथरूमचं दार लागत नाही' असं जोडणार. शिवाय प्रत्येक उत्तराच्या शेपटीला आधीचे सगळे मेल लटकत येतात, त्याखाली सही, फोन नंबर, कंपनीचं बोधवाक्य. ते सगळं कापून त्यातून माणसाने आत्ता नेमकं काय म्हटलंय तेवढंच उचलायचं, हा तिच्या कामाचा गाभा होता. "कचरा काढायचा आणि माणूस ठेवायचा," ती म्हणायची. मी सपोर्टला होते, इमारतींच्या मॅनेजरांचे फोन घेणं माझं काम. त्यामुळे प्रोग्रॅम चुकला, की तो आधी माझ्या कानावर आदळे आणि मी उठून तिच्या टेबलाशी जाई.

तसाच एक फोन त्या जानेवारीत आला. बाहेर मायनस तीसच्याही खाली गेलं होतं, दोन दिवस आम्ही घरूनच काम करावं की काय अशी चर्चा चालू होती. एका जुन्या इमारतीचा मॅनेजर फोनवर होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, घाबरलेपण होतं. त्याच्या इमारतीत एकटी राहणारी हालिना नावाची एक युक्रेनियन आजी सकाळी शेजाऱ्यांना स्वयंपाकघरात पडलेली सापडली होती. घर बर्फासारखं गार. अँब्युलन्सने तिला नेलं होतं. शुद्धीवर होती, आणि ती एकच सांगत होती, की मी तुम्हाला मेल केला होता. मॅनेजर म्हणत होता, "आमच्याकडे काही आलेलं नाही. तुम्ही बघाल का?"

मी शैलजाताईकडे गेले. तिने आलेल्या मेलचा ढीग उपसला आणि तिला तो सापडला. मी तिच्या खुर्चीमागेच उभी होते. शरद ऋतूत मॅनेजरने सगळ्या भाडेकरूंना खिडक्यांच्या फटी बुजवण्याबद्दल एक मेल पाठवला होता. आजींनी त्यालाच उत्तर दिलं होतं, आणि आपलं म्हणणं वर लिहायच्या ऐवजी त्या जुन्या मजकुराच्या अगदी तळाशी लिहिलं होतं. समोरच्याचं बोलणं संपलं, की त्याखाली आपलं... त्यांना तीच रीत सभ्यपणाची वाटत असणार. 'कालपासून हीटर गार आहे. मी कोट घालून बसले आहे. धन्यवाद.' एवढ्याच ओळी. प्रोग्रॅमने जुना मजकूर दिसल्यावर तिथून खालचं सगळं कापून टाकलं होतं. वर काहीच उरलं नाही, तेव्हा रिकामं उत्तर म्हणजे 'ठीक आहे' असं धरून त्याने खिडक्यांच्या त्या मेलची नोंद बंद केली होती आणि आजींना आपोआप एक मेल गेला होता, तुमच्या संदेशाबद्दल आभार. ते आभार वाचून, कुणीतरी येईल म्हणून आजी कोट घालून वाट बघत बसल्या होत्या.

शैलजाताईने त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग अगदी हळू म्हणाली, "मला ठाऊक होतं गं. काही माणसं खाली लिहितात, हे मला उन्हाळ्यातच दिसलं होतं." तिने ते दुरुस्तीच्या यादीत टाकलंही होतं. पण नवं काही विकायचं असलं की अशी कामं मागे पडतात. तिच्या वरिष्ठांनी ते वसंत ऋतूवर ढकललं होतं आणि तिने मान डोलावली होती. तिच्या जागी कुणीही डोलावली असती. हे मी तिला नंतर किती वेळा सांगितलं असेल. ती ऐकून घ्यायची.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये आमच्या मोठ्या साहेबांनी या प्रकाराला 'एज केस' म्हटलं, म्हणजे क्वचित कुठेतरी घडणारी गोष्ट. शैलजाताई एरवी मीटिंगमध्ये मोजकं बोलणारी. त्या दिवशी तिने आवाज न चढवता सांगितलं, की रिकामा मेल कुणी पाठवत नसतं. रिकामा दिसला तर आपल्याला वाचता आला नाही असं समजायचं आणि तो माणसाच्या डोळ्यांसमोर ठेवायचा. साहेब म्हणाले, मग प्रोग्रॅमचा उपयोग काय? ती म्हणाली, "उपयोग आहे. पण आपल्याला काय कळलं नाही, हे त्याला कळलं पाहिजे." महिनाभर ती त्या एका गोष्टीसाठी भांडत राहिली आणि शेवटी तसं करवून घेतलं. नंतर तिला टीमची लीड करायचं ठरलं, तर तिने नको म्हटलं. विनयभाऊजी चिडले. तिने कारण सांगितलं नाही.

आजी न्युमोनियातून वाचल्या, पण पुन्हा एकट्या राहण्याइतक्या सुधारल्या नाहीत. अपार्टमेंट सुटलं, त्या सीनियर्स होममध्ये गेल्या. कंपनीच्या वकिलांनी आम्हा सगळ्यांना बजावलं होतं, की त्यांच्याशी कुणीही संपर्क करायचा नाही. शैलजाताईने तेव्हा ऐकलं. पुढे वर्षभराने तिने ती कंपनीच सोडली आणि पहिलं काम काय केलं, तर त्या सीनियर्स होममध्ये व्हॉलंटियर म्हणून नाव नोंदवलं. दर रविवारी दुपारी ती तिथे जायची. रस्त्यावर काचेसारखा बर्फ असला तरी जायची. युक्रेनियन भाषेत आजीला 'बाबा' म्हणतात, याचं तिला सुरुवातीला फार हसू यायचं. पुढे तिची मुलगी इराही कधीमधी सोबत जाऊन 'बाबा हालिना' म्हणू लागली. आजी तिला बटाट्याचं सारण भरून पिरोही कशी वळायची ते शिकवत. शैलजाताई म्हणे, आपल्या करंजीचीच बहीण आहे गं, फक्त गोड बोलत नाही.

पण एक गोष्ट आजींना सांगायची राहून गेली. तो प्रोग्रॅम माझा होता, हे एवढं एक वाक्य. मी तोवर नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे व्हँकुव्हरच्या बाजूला आले होते. आमचं बोलणं फोनवर. ती विचारायची, "सांगू का गं?" मी म्हणायची, सांगून टाक, तूच मोकळी होशील. ती म्हणायची, येत्या रविवारी. मग त्या रविवारी आजींचा मुलगा कॅलगरीहून आलेला असे, किंवा आजींना बरं नसे, किंवा त्या फार खुशीत असत. एकदा म्हणाली, "ती मला म्हणते, तुला देवानेच पाठवलंय. आता मी कोणत्या तोंडाने सांगू?" मला तिची तगमग कळायची. पण वर्षं जात होती, आणि एखादी गोष्ट जितकी मागे पडते तितकं तिचं वजन वाढतं. ती तिथून घरी आल्यावर गाडी गॅरेजमध्ये लावून थोडा वेळ गाडीतच बसून राहते, असं विनयभाऊजी सांगायचे.

गेल्या हिवाळ्यात तिचं वजन उतरायला लागलं. जिमला न जाता बारीक होतेय म्हणून आम्ही आधी चेष्टा केली. मग तपासण्या झाल्या, स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर वर्षाची भाषा बोलत होते, तेवढं काही मिळालं नाही. नागपूरला आईला भेटून यायचं फार मनात होतं, प्रवासाला परवानगी मिळाली नाही. आजींना मात्र तिने सांगितलं, मी आईला भेटायला इंडियाला जातेय, काही रविवार येणार नाही. मला हे सांगताना म्हणाली, "बघ, खरं सांगायला गेले की जमत नाही, खोटं कसं पटकन जमलं."

काढलेल्या तिकिटांवर मी एडमंटनला गेले. घरात सगळं आवरलेलं होतं, जरा जास्तच. विनयभाऊजी चहा करून समोर ठेवत आणि स्वतःचा घ्यायला विसरत. रविवारी सकाळी इरा म्हणाली, "मेधामावशी, समवन हॅज टु टेल बाबा हालिना." विनयभाऊजी म्हणाले, मला नाही जमणार. तेव्हा आम्ही दोघी निघालो. रस्त्याकडेला बर्फाचे काळपट ढीग वितळत आले होते, पॉप्लरच्या झाडांना नुकती पालवी.

हालिना आजी खिडकीशी बसल्या होत्या. मी त्यांना प्रथमच पाहत होते, लहानखुरी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. इराला बघून चेहरा उजळला. "आई आली का इंडियाहून?" इरा त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली, त्यांचे हात हातात घेतले आणि सांगितलं. आजी रडल्या नाहीत. आपल्या भाषेत पुटपुटत इराच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी मला विचारलं, "ती काम काय करायची? मला नेहमी म्हणायची, कम्प्यूटर."

मी सांगायचं असं ठरवून गेले नव्हते. म्हटलं, "लोक जे मेल पाठवतात, ते नीट वाचले जावेत, यासाठी काम करायची."

"मीही एकदा पाठवला होता," आजी म्हणाल्या. "थंडीत. तो कुणी वाचला नाही."

इराने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "वाचला, आजी. फार उशिरा वाचला."

त्या माझ्याकडे टक लावून पाहत राहिल्या. मग विचारलं, "तिने?"

मी होकारार्थी मान हलवली. बाहेर कॉरिडॉरमधून कुणीतरी जेवणाची ट्रॉली ढकलत नेत होतं. तो आवाज दूर गेल्यावर आजींनी डोक्याचा रुमाल सारखा केला. म्हणाल्या, "मग मला सांगायचं ना तिने. इतके रविवार एकटीनेच घेऊन बसली..." आणि तेव्हा कुठे त्यांना रडू आलं.

शैलजाताई अजून चार दिवस असती, तर मी तिच्या उशाशी बसून तिला हे वाक्य ऐकवलं असतं. हेच मनातून जात नाही. ज्या उत्तराची तिला इतकी वर्षं भीती वाटत होती, ते इतकं मऊ होतं, आणि ते ऐकायला ती नव्हती.

निघताना इरा वाकली आणि आजींच्या पलंगाखालून तिने कापडी सपातांचा एक जोड बाहेर काढला. निळ्या, टाचेशी झिजलेल्या. बर्फाचे बूट दाराशी काढून ठेवले, की तिची आई खोलीत घालायची त्या. इराने त्या आपल्या पिशवीत टाकायला उचलल्या. आजींनी हात पुढे केला. "राहू देत," म्हणाल्या. इराने त्या परत पलंगाखाली ठेवल्या, चवडे दाराकडे करून. आजी म्हणाल्या, "अशा नाही. ती अशा ठेवायची," आणि वाकून, धापा टाकत, त्यांनी त्या खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरळ लावून ठेवल्या.