कप्तान मेला की जिवंत?

शिळ्या तेलातल्या भज्यांचा वास आला की मला पालमचं बसस्टँड आठवतं. वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या एका अंतराळ मालिकेचा नवा भाग आला होता आणि माझे दोन मित्र तिथल्या हॉटेलात महापंडितांसारखे भांडत होते. “कप्तान मेला, भाग लय बंडल हाय,” एक म्हणाला. “मेला न्हाई, तुला काय कळायलंय?” दुसऱ्याने कप आपटला. मी विचारलं, “तुमी भाग बघितला का?” दोघंही एकदम म्हणाले, “बघायला कशाला पाहिजे?” एकाने मावसभावाचं स्टेटस वाचलं होतं, दुसऱ्याने मेव्हण्याचं. तेवढ्यावर या दिवट्यांनी एकमेकांशी कायमचं बोलणं टाकलं. त्यातला पहिला आता मोबाइलवर परीक्षणं करतो. आज सकाळीच त्याने त्याच मालिकेच्या पुढच्या भागाची पार सालटी काढली. भाग उद्या यायचाय.