दुसऱ्या घराचा आवाज

चुलीवर मक्याच्या कण्यांचे ग्रिट्स रटरटत होते, तव्यात सॉसेज तडतडत होतं, आणि माझा नवरा अलोन्झो टपालखात्याचा शर्ट इस्त्रीशिवाय खपेल का यावर माझ्याशी हुज्जत घालत होता. तेवढ्यात मागच्या जाळीच्या दारावर थाप पडली.

मागच्या दाराला थाप मारणारं माणूस आमच्या गल्लीत एकच. बाकी सगळे हाक मारतात. मिस व्हर्नेलसुद्धा पूर्वी हाकच मारायच्या, आणि ती अशी की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसायचं. मागच्या हिवाळ्यापासून हाकेच्या जागी थाप आली.

“दार उघडंच आहे, या ना.”

आत आल्या त्या फ्रीजला हात टेकून उभ्या राहिल्या, त्यावर चिकटवलेलं चर्चचं पत्रक वाचत असल्यासारख्या. ते पत्रक गेल्या ईस्टरचं होतं. मी सॉसेज उलटत राहिले. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी ॲप्रनच्या खिशातून तीन माउथ ऑर्गन काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडले.

“शनिवार आला गं डोरा. आणि दुसरं घर अजून बोलत नाही.”

“या वयात दुसरं घर मांडताय, मिस व्हर्नेल?” अलोन्झो म्हणाला.

“तू आधी पहिलं सांभाळ. बायको तुझ्या शर्टाला इस्त्री करत नाही, सगळ्या गल्लीला दिसतंय.”

अलोन्झो हसत बूट शोधायला गेला. त्या हसल्या नाहीत. म्हणजे गोष्ट साधी नव्हती.

मिस व्हर्नेल टब्ज (इथे लग्न झालेल्या थोरल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात) यांनी या गावच्या शाळेचं स्वयंपाकघर चालवलं. आज गावात ज्यांच्या कानांवर केस पिकलेत, त्या सगळ्यांनी त्यांच्या हातची गरम, पावासारखी बिस्किटं खाल्लीत आणि त्यांची बोलणीही. “लोणी बिस्किटाला लाव रे, बाहीला नको,” हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे. त्याआधी, पोरवयात, त्या कापसाच्या जिनिंगवर होत्या. तिथे हवेत तंतू असे तरंगायचे की कामावरून बाहेर पडणारी माणसं म्हातारी दिसायची. पुढे सिगारेटही आली. “तंतू फुकट मिळाले, धूर मी हौसेने घेतला,” असं त्या स्वतःच सांगतात, म्हणजे दुसऱ्या कुणाला बोलायला जागा उरत नाही.

छातीचं दुखणं निघालं तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने सगळ्या धापेकऱ्यांना व्यायामासाठी एकेक प्लॅस्टिकचा बाजा, म्हणजे माउथ ऑर्गन, वाटला. फुंका आणि ओढा, फुंका आणि ओढा. बाकीच्यांचे बाजे खणात गेले. मिस व्हर्नेलनी त्या दिवशी बाजाच्या नादात बिस्किटं करपवली. त्यांच्या हातून करपलेली बिस्किटं तोवर कुणी पाहिली नव्हती, आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

त्यांचा धाकटा दीर हॉसी दर शनिवारी आपल्या ओसरीवर गिटार घेऊन बसतो. अंगणात कढईत कॅटफिश तळले जातात, ज्याला जे वाजवता येतं ते तो वाजवतो. हॉसीने या वसंतात त्यांना म्हटलं, “वहिनी, एक गाणं तुमचं. ई सुरात धरतो.” झालं. बाई उठून तालुक्याला टॅलमजच्या दुकानात गेल्या आणि ई सुराचा बाजा घेऊन आल्या. वाजवला मात्र, अख्खं अंगण हसलं. गाणं ई मध्ये असेल तर बाजा ए चा घ्यायचा असतो, आणि तो आडवा वाजवायचा, म्हणजे फुंकण्यापेक्षा ओढण्यावर जास्त भर. इथली गाणी श्वास आत ओढूनच वाजतात. आणि आडवं वाजवताना गाणं फिरून फिरून येतं ते दुसऱ्या भोकावर. भोकांना आम्ही घरं म्हणतो. दुसरं घर आत ओढायचं, तेच गाण्याचं बिऱ्हाड. ते बोललं नाही, तर परत यायचं कुठे?

मिस व्हर्नेलचं तेच बोलत नव्हतं. ओढलं की नुसती फुसफुस.

“हा लाकडी पोटाचा.” त्यांनी पहिल्या बाजाला बोट लावलं. “आवाज गोड, हॉसीसारखा. पण थुंकीने लाकूड फुगतं आणि ओठ चिमटतो. बघ.” ओठ दाखवला. खरंच सोललेला होता. “हा प्लॅस्टिकच्या पोटाचा. वारा बाहेर सांडत नाही, थोड्या श्वासात भागतं म्हणतात. पण आवाज शाळेच्या घंटेसारखा. आणि हा खर्जातला. हा मला आवडतो गं, पण हा श्वास खातो. जेवायला बसलेल्या पाव्हण्यासारखा, थांबतच नाही.”

बोलताना त्या बसत नव्हत्या. ग्रिट्सचं झाकण उचललं, ठेवलं. पडदा सारखा केला. माझ्या तव्याखालची आच कमी केली, मी ती वाढवली, त्यांनी पुन्हा कमी केली.

“तिघांपैकी शनिवारी कुठला?” मी विचारलं.

“तेच तर. आज टॅलमजकडे आणखी दोन बघून येऊ का? धातूच्या पोटाचा आहे एक. आणि एक बटणवाला.”

“बटणवाला कशाला आता?”

“कशाला ते ठाऊक असतं तर सकाळी सकाळी तुझ्या दारात आले असते का?”

टॅलमजच्या दुकानात बाजा तोंडाला लावून बघता येत नाही. दुसऱ्याने उष्टावलेला बाजा कोण घेईल? गल्ल्यावर त्याने एक लहानसा भाता ठेवलाय. बाजा त्यावर बसवायचा, भाता दाबायचा आणि ओढायचा. सगळी घरं लख्ख बोलतात, दुसरंसुद्धा. “भात्याला कुठे दमा असतो,” असं मिस व्हर्नेल त्याला म्हणाल्या होत्या. त्यावर टॅलमज हसून म्हणाला, “मावशी, नवीन माणूस दुसरं घर ओढतो, ते बोलत नाही, आणि तो बाजा परत घेऊन येतो. माझ्या वडिलांच्या काळापासून बघतोय. दोष बाजाचा कधीच नसतो.”

त्याच्या तोंडचं ते नेहमीचं वाक्य. प्रत्येक शिकाऊ गिऱ्हाईकाला ऐकवतो, आणि गिऱ्हाईक लाजून घरी जातं. मिस व्हर्नेल मात्र घरी आल्या त्या वेगळंच काही घेऊन. दोष बाजाचा नाही, तर मग कुणाचा?

“डॉक्टरला विचारा ना,” मी म्हटलं.

“डॉक्टर नळी फुंकायला लावतो आणि आकडा सांगतो. आकड्याला गाणं येतं का?” त्या खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. “मागच्या महिन्यात तिसरं घर बोलत नव्हतं. आता बोलतं. म्हणजे मी शिकतेय, हो ना? पण जिना चढताना आता मधे थांबावं लागतं. म्हणजे मी जातेय. दोन्ही एकदम कसं असेल गं?”

मी तव्याखालची आच बंद केली. या वेळी त्यांनी ती परत लावली नाही.

अलोन्झो बूट घालून निघाला. “हॉसीला सांगतो, ओसरीवर पुढची खुर्ची तुमची,” म्हणाला.

“आज काही सांगू नकोस त्याला,” त्या इतक्या पटकन म्हणाल्या की तो दारातच थबकला, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि टोपी घालून गेला.

मग मिस व्हर्नेल बसल्या. खर्जातला आणि प्लॅस्टिकचा असे दोन बाजे खिशात टाकले, लाकडी तेवढा ठेवला. दुसऱ्या खिशातून व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलेलं फडकं निघालं. बाजा पुसला, उलटा करून पुसला, मग माझ्या दिशेने सरकवला. मी हात मागे घेतला. आमच्याकडे दुसऱ्याचा बाजा कुणी तोंडाला लावत नाही. हॉसीने मागे एकदा यांचाच बाजा सहज उचलला, तर यांनी त्याच्या मनगटावर हातातला डाव हाणला होता. “तुझा दात घासायचा ब्रश देतोस का मला?”

“स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या.

“त्याचं नाही हो. मला कुठे वाजवता येतं?”

“म्हणूनच तर आले. पोरी, तुला वाजवता येत नाही, आणि छाती तुझी धडधाकट आहे. रविवारी चर्चमध्ये तुझ्या पुढच्या बाकावर बसते मी, तू गातेस तेव्हा माझे कान मला सांगतात.” त्यांनी दम घेतला. “तुझ्याकडूनही फुसफुसच आली, तर मी नुसती शिकाऊ आहे, सगळ्यांसारखी. मग शनिवारी कुठलाही बाजा चालेल. वाजला नाही तर हसतील, हसू देत. पण तुझ्याकडून सूर निघाला, तर मी हॉसीला नाही म्हणून कळवते.”

त्यांनी बाजा आणखी जवळ सरकवला. दुसऱ्या घरावर पेन्सिलीची बारीक खूण होती.

“एवढंच कर माझ्यासाठी. हा तोंडाला लाव, आणि दुसरं घर ओढ.”