खतीजाखालाची चादर

धारूरचा घाट उतरून नदीकडं वळलं की बंधारा दिसायच्या आधी खतीजाखालाचा आवाज ऐकू येतो. पावसाळा सरत आला आणि डोंगरातली सीताफळं डोळे उघडायला लागली की ती काळ्या बंधाऱ्याच्या काठावर लिंबाखाली येऊन बसते. तिचा नवरा फिरोज धारूरात पंक्चरं काढतो. तोच तिला सकाळी दोन पाट्यांसकट मोपेडवर आणून सोडतो. खाला एक जुनी चादर अंथरते, तिच्यावर फळांचे वाटे लावते, आज खायची इकडं आणि उद्याची तिकडं. मग दिवसभर विक्री थोडी आणि आरडाओरडा फार.

“ए मुडद्या, उतर खाली! तुझ्या मायनं नदीला नवस केलाय का तुला वाहायचा? पोहता येतंय म्हणं! बुडून मेले त्या समद्यांलाच येत व्हतं!”

ही शिवी गेल्या वर्षापर्यंत बंधाऱ्याच्या भिंतीवर चढणाऱ्यासाठी असायची. फळ न घेता नुसतं दाबून जाणाऱ्यासाठी वेगळी आहे.

बंधारा निजामाच्या अमदानीतला, काळ्या दगडाचा आणि चुन्याचा. उंची म्हणाल तर दीड पुरुष, त्याला धरण म्हणायलाही जीभ धजत नाही. भिंत मात्र बैलगाडी जाईल एवढी रुंद, आणि नदी भरली की तिच्यावरून घोट्याएवढं पाणी सांडतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, देवानं चालायलाच वाट करून दिलीय. त्या पाण्याखाली शेवाळ असतं. आणि भिंतीच्या पायथ्याशी पडलेलं पाणी पुढं जायचं सोडून उलटं भिंतीकडंच फिरतं, आत पडलेल्याला खाली दाबतं, वर काढतं आणि पुन्हा खाली घेतं. पट्टीचा पोहणाराही तिथून बाहेर येत नाही. गावातलं शेंबडं पोरही सांडव्याच्या दिवसांत भिंतीवर पाय ठेवत नाही. बैलसुद्धा वळसा घालून पुलावरून नेतात. पण रविवारी परळी, माजलगाव, अंबाजोगाईहून मोटारसायकली येतात, आणि त्यांच्यावर बसून येणाऱ्यांना बैलाएवढीही अक्कल नसते.

गेल्या वर्षी परळीचा अबरार असाच आला होता. नवी दाढी, पांढरा शर्ट. खालाकडून सीताफळ घेऊन खाल्लं, बिया हातात धरून “कचरा कुठं टाकू, खाला?” असं विचारलं. एवढा अदबीचा पोरगा. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत होती तेवढ्यात तो भिंतीवर गेला. तिनं हाक मारली, त्यानं हसून हात केला, आणि तोच हात वर धरून तो घसरला. संध्याकाळी गावच्या माणसांनी गळ टाकून त्याला बाहेर काढलं. प्रेतावर घालायला काही नव्हतं. पोलिसानं इकडंतिकडं पाहिलं. खालानं फळं जमिनीवर ओतली आणि चादर दिली. अबरारची आई जीपमधून उतरली ती थेट त्या चादरीवर पडली. तिनं मुठीत धरलेलं टोक कुणाला सोडवता आलं नाही. चादर परळीला गेली, चार-दोन सीताफळाच्या बिया चिकटलेल्या होत्या त्यांच्यासकट. खालानं ट्रंकेतून दुसरी चादर काढली, निळ्या फुलांची. शिव्या तिनं सोडल्या नाहीत, पण ‘मुडद्या’ हा शब्द त्या दिवसापासून तिच्या तोंडातून गेला.

विजयसिंह तेव्हा आले होते. ते या भागाचे पुढारी, सगळ्यांचे दादा. कडक इस्त्री, डोळ्यांत पाणी. “आठ दिवसांत इथं लोखंडी खांब आन साखळी लागंल,” असं चार माणसांसमोर म्हणाले. आठ दिवस गेले, वर्षही गेलं. साखळी आली नाही. आली ती फोटो काढायला सिमेंटची रंगीत अक्षरं, रंगीत छत्र्या आणि झाडांना गुंडाळलेले दिवे. खालानं आठवण केली तर म्हणाले, “खाला, साखळी लावली की धबधब्याचा फोटो बिघडतो.” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकराचं प्रेत दिसलं होतं तेव्हा नाही बिघडला फोटो?

आणि त्यावर कडी केली ती आदिनाथनं. हा माजलगावचा पोरगा, दिवसभर मोबाईल हातात. त्याच्याकडं खालाच्या शिवीचा एक जुना व्हिडिओ होता, अबरारच्या आधीचा. त्यानं तो यंदा टाकला आणि जिल्ह्यानं डोक्यावर घेतला. पुढच्या रविवारी नेहमीपेक्षा जास्त गर्दी. खालाला कळेना की हे लोक भिंतीवर पाऊल टाकून मागं तिच्याकडंच का बघतात. मग एका बाईनं, चांगल्या घरच्या, गॉगल वर करून लाडात सांगितलं, “खाला, ते ‘मुडद्या’ म्हणा ना! आम्ही त्यासाठीच आलोय.”

म्हणजे हे लोक शिवी खायला भिंतीवर चढत होते. जी शिवी त्यांना खाली उतरवायला, तीच त्यांना वर चढवत होती. खाला एक रविवार मूग गिळून बसली. तर लोक आणखी पुढं गेले, मधोमध जाऊन उड्या मारू लागले, आणि कुणी तरी तिला जाग यावी म्हणून तिच्या वाट्यावर खडे मारले. ओरडावं तरी मरण, गप्प बसावं तरी मरण. घरी येऊन ती फिरोजवर बरसली.

“तू तुझी फळं वीक की,” तो म्हणाला. “समद्या दुनियेचा ठेका तू कावून घेतलास?”

“चादर कुणाची जाती? तुझी?”



पुढच्याच आठवड्यात घाटाच्या तोंडाशी बॅनर लागला. विजयसिंहांचा हात जोडलेला फोटो, आणि शेजारी तोंड उघडलेली, हात उगारलेली खतीजाखाला. खाली लिहिलं होतं, ‘खालाच्या शिव्या खा, बंधाऱ्याची मजा लुटा!’ तिला वाचता येत नव्हतं. गिऱ्हाइकानं वाचून दाखवलं तेव्हा तिनं त्याला दिलेलं फळ परत काढून घेतलं.

नदी भरभरून वाहायला लागली तशी विजयसिंहांनी जलपूजनाची तारीख धरली. रविवारच. मांडव, हार, माईक, भिरभिरतं ड्रोन. ओटी भरायला त्यांची लेक राजनंदिनी पुण्याहून आली होती. नाकीडोळी नीटस, वागायला साधी. येताना खालाला “बऱ्या आहात का?” म्हणून गेली. काठावर उभं राहून तिनं साडीचोळी आणि नारळ पाण्यात सोडला. फोटो झाले. मग ड्रोन उडवणारा आदिनाथ ओरडला, “ताई, दोन पावलं पुढं, ड्रोनमध्ये झकास दिसंल!” राजनंदिनीनं चपला काढल्या, साडी घोट्याच्या वर धरली आणि ती भिंतीवर चालू लागली. दोनाची दहा पावलं झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि विजयसिंह माईकमध्ये हसत म्हणाले, “खाला, आमच्या लेकीलाबी एक हासडा की!”

सगळे मोबाईल लिंबाकडं वळले.

खाला उठली. तोंडातून शब्द काढला नाही. तिनं चादरीची दोन टोकं धरून झटकली. दिवसभराची सीताफळं उतारावरून गडगडत पाण्यात गेली. लोक हसले, त्यांना वाटलं आता बाई पेटणार. ती चादर घेऊन सरळ विजयसिंहांसमोर गेली आणि एक टोक तिनं त्यांच्यापुढं केलं. पुढाऱ्याच्या हाती काहीही द्या, फीत असो की शाल, तो सवयीनं धरतोच. त्यांनी धरलं.

“हे काय, खाला?”

“चादर हाय. घट धरा. अबरारच्या टायमाला असंच टोक त्याच्या मायनं धरलं व्हतं. लेकरू भाईर काढल्यावर कुणाला तरी धरावं लागतंय.”

माईक चालूच होता. ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. विजयसिंहांनी हातातल्या निळ्या फुलांकडं पाहिलं, मग भिंतीकडं. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी ती भिंत नीट पाहिली असावी.

“नंदे!” आवाज चिरकला. “नंदे, मागं फिर! न्हाई, फिरू नकोस, बस! खाली बस!”

राजनंदिनी वळताना तिचा एक पाय सटकला. ती मटकन बसली, कडेपासून हातभर अंतरावर. टाळ्या थांबल्या. पाणी तिच्या कमरेला ढकलत होतं. ती बसल्या बसल्याच, हातांवर जोर देत, इंच इंच मागं सरकत आली. काठावरच्या दोन बायांनी तिला दंडाला धरून ओढून घेतलं. तेवढा वेळ तिचे वडील जागचे हलले नव्हते. चादरीचं टोक त्यांच्या मुठीत तसंच होतं. खालाला ते ओढून सोडवावं लागलं.

मंगळवारी वेल्डिंगवाले आले. खांब लागले, साखळी लागली, दोन्ही टोकांना माणूस बसला, बॅनर उतरला. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं गाव म्हणालं आणि कामाला लागलं. आदिनाथनं त्या दिवसाचाही व्हिडिओ टाकला, पण तो फार कुणी पाहिला नाही. त्यात शिवी नव्हती.

साखळी बघायला विजयसिंह आले तेव्हा खाला निळ्या चादरीवर वाटे लावत होती. त्यांनी साखळी एकदा ओढून पाहिली. मग खाली वाकून, हळू आवाजात म्हणाले, “खाला, उपकार झाले तुमचे. पण हे तुमी आधी नीट सांगायला पाहिजे व्हतं.”

खालानं हातातलं सीताफळ खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नाही, आणि तिला ओळखणाऱ्यांना त्याचीच धास्ती वाटली.

“परळीच्या त्या बाईचं लेकरू लेकरू नव्हतं का, दादा? सांगत न्हवते व्हय मी? ह्या लिंबाखाली बसून घसा फाटंस्तोवर सांगत व्हते. तुमी त्याचा बॅनर छापला.”