दर वेळी नवी

मांडवगण फराट्याहून कंपनीच्या बसनं मी पॅकिंग लाइनवर कामाला जायचे. ठेकेदाराची माणसं सलग ठेवली तर कायम करावी लागतील, म्हणून काही महिने झाले की आम्हाला 'ब्रेक' द्यायचे. ओळखपत्र आणि बूट गेटवर जमा करायचे आणि घरी बसून फोनची वाट बघायची. स्वयंपाक करतानाही मोबाइल कमरेला खोचलेला असायचा.

फोन आला की पुन्हा पहिला दिवस. साहेब सगळ्या नव्यांना गुलाब देऊन स्वागत करायचे, त्यांत मीही. ज्या पोरींना मी काम शिकवलं, त्या लाइनवरून बघत असायच्या. डोकं फिरायचं, पण हसून गुलाब घ्यायचा. तोंड वाकडं केलं तर पुढचा फोन यायचा नाही.

एकदा हातातलं फूल बघून सासऱ्यांनी विचारलं, "नवी कंपनी का गं?"

"न्हाई आबा, कंपनी तीच हाय. मीच नवी."

आमच्या लाइनवरचे कायम असलेले एक मामा निवृत्त झाले, तेव्हा त्यांना शाल-नारळ देऊन निरोप दिला. आम्हीही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरच्या ब्रेकनंतर मला फोन आलाच नाही. इतके गुलाब देणाऱ्यांनी नुसतं 'जा' असंही सांगितलं नाही.