होडीत पाणी ओतणारी

मच्छीमार नगरातून ऑफिसला जाताना ती मला रोज दिसायची. साठीतली कोळीण, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या जुन्या होडीच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकत बसलेली. फळ्या मोडीतल्या, खिळेसुद्धा ठोकून सरळ केलेले. एकदा ती कळशीने चक्क होडीतच पाणी ओतत होती. मला राहवलं नाही.

"मावशी, होडीत पाणी?"

"आतलं पाणी बाहेर कुठून येतंय ते बघते. समुद्रात जाऊन भोक शोधू काय?"

"त्यापेक्षा नवी फायबरची घ्या ना."

"का रे? ही मेली काय?"

तेवढ्यात खालच्या फटीतून एक थेंब बाहेर आला. तिने शेजारी कोळशाने फुली मारली आणि रिकामी कळशी माझ्या हातात दिली.

"बघतोस काय? नळ तिकडे आहे."