अक्कांचा राहुकाळ

राहुकाळ लागला की अक्का खुर्ची भिंतीकडे फिरवायच्या. फोन ड्रॉवरमध्ये, पदर कमरेला, आणि ऑफिसकडे पाठ. मग तुम्ही कंपनीचे मालक असा नाहीतर कॉफी घेऊन आलेला माणूस, अक्का तुमच्यापुरत्या गावाला गेलेल्या असायच्या.

नव्या माणसाला वाटायचं, बाई रुसली. मलाही वाटलं. मी साताऱ्याहून नुकतीच चेन्नईत आले होते. अण्णा नगरमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग व्हायची आणि ओरगडमच्या कारखान्यांकडे जायची. मी काढायची, अक्का तपासायच्या. पहिल्याच दिवशी शंका विचारायला गेले, तर त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

"नवं आहे की जुनं?"

"नवंच आहे."

"मग राहू जाऊ दे गो. आता अस्की जुनंच संपवायचं."

मी चाट! चक्क मराठी! अक्का तंजावरकडच्या. त्यांच्या घरी कित्येक पिढ्या मराठी टिकून होती, पण चाल तमिळ आणि शब्द आपल्याकडे पणजीबरोबर गेलेले. सगळं म्हणायला 'अस्की'. माझं आडनाव ऐकल्यापासून त्या माझ्याशी दुसऱ्या भाषेत कधी बोलल्या नाहीत.

राहुकाळ तुम्हाला माहीत असेलच. रोज दीड तास, वार बदलला की वेळ बदलते. इकडे त्या वेळात माणसं नवं काम सुरू करत नाहीत. अक्कांनी त्याचा सरळ अर्थ लावला होता. नवं सुरू करायचं नाही ना? मग अर्धवट पडलेलं उरकायचं. सोमवारी राहू ऑफिस उघडायच्या आतच येऊन जायचा, म्हणून सोमवारी अक्का जरा नाराज असायच्या.

आणि मी? एक ना धड, भाराभर चिंध्या. स्क्रीनवर सात ड्रॉइंग उघडी आणि सातही अर्धी. एकाग्रतेसाठी फोनमध्ये एक ॲपसुद्धा घेतलं होतं. फोनला हात लावला नाही तर त्यात एक झाड वाढायचं. माझी झाडं भराभर मरायची.

"वाढलं का म्हणून घडोघडी बघतेस," अक्का म्हणाल्या, "ते बिचारं वाढेल कसं?"

जाता-येता माझ्या टेबलाशी थांबून त्या एकच विचारायच्या, "मुडिंजुदा?" संपलं का? मी नाही म्हटलं की त्या चुकचुकायच्या, रागवायच्या मात्र नाहीत. शेवटी मीही एक दिवस खुर्ची उचलली आणि त्यांच्याशेजारी भिंतीकडे तोंड करून बसले. खरं सांगते, इतकं सुख मला कुठल्या सुट्टीतही मिळालेलं नाही. एक काम हातात, ते संपतंय, आणि कोणी हाक मारत नाही.

"अक्का, तुम्ही खरंच मानता राहूला?" मी एकदा विचारलं.

त्या खुदकन हसल्या. "काम आहे म्हटलं तर लोक म्हणतात, दोनच मिनिटं. राहुकाळ आहे म्हटलं तर कोणी दोन मिनिटं मागतं का?"

त्यांना हा दीड तास कशाला हवा होता ते मला हळूहळू कळलं. अक्का मैलापूरला वडिलांबरोबर राहायच्या. अप्पा शाळामास्तर होते, आता विसरत चालले होते. दिवसा ते लेकीला ओळखत, तिची थट्टाही करत. दिवेलागण झाली की त्यांना काही ओळखू येत नसे. म्हणून अक्का सकाळी सगळ्यांच्या आधी यायच्या, काम संपवून उन्हं असतानाच बस गाठायच्या. घरी पोचल्यापासून दिवे लागेपर्यंतची तेवढीच घटका रोज बापलेकीची होती. "आज मला नावाने हाक मारली," असं सकाळी सांगताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

मग पुण्याहून नवे साहेब आले. हुशार माणूस, पण आल्या आल्या म्हणाले, ऑफिसात अंधश्रद्धा चालणार नाही. रोज जेवणानंतर आढावा बैठक. कोणाचं काय राहिलंय ते सांगण्यात दुपार जायची, आणि जे राहिलंय ते राहायचंच. अक्कांनी घरचं कारण सांगितलं नाही. त्या फक्त उशिरा निघू लागल्या.

एका सकाळी त्या बेसिनपाशी डबा धूत उभ्या होत्या. डबा स्वच्छ झाला होता, तरी धूतच होत्या.

"काल अप्पा माझ्या हातचं जेवले नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणाले, परक्या बाईच्या हातचं नको. हा आठवडा असाच गेला गो. एकदाही ओळखलं नाही."

माझा जीव तुटला. शेंडी तुटो की पारंबी, म्हणून मी थेट साहेबांच्या केबिनमध्ये घुसले आणि साताऱ्याच्या सुरात सगळं ऐकवलं. साहेबांनी समोरचा लॅपटॉप मिटला.

"मला सांगितलं का नाही त्यांनी?"

"तुम्ही अंधश्रद्धा म्हणालात, साहेब. मग कोण सांगतंय?"

दुपारी सगळ्यांना मेल आली. स्थानिक भावनांचा आदर म्हणून रोजची आढावा बैठक बंद, आणि राहुकाळात एकही बैठक होणार नाही. अप्पांचं नाव नाही, अक्कांचं नाही. माणूस वाईट नव्हता हो.

"साहेब राहूला भ्यायले वाटतं," अक्का माझ्याकडे तिरपं बघत म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी बस वेळेवर गाठली. काही दिवसांनी साहेबांचीही खुर्ची भिंतीकडे फिरलेली दिसली, आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो.

यंदा अक्का निवृत्त झाल्या. परवा मी मैलापूरला त्यांच्याकडे गेले. अप्पा खिडकीशी बसले होते, लेकीला कॉफी पातळ झाली म्हणून चिडवत होते. गप्पांत ऊन उतरलं. अक्कांनी दिवा लावला. अप्पांनी वर बघितलं आणि एकदम सावरून बसले.

"कोण आपण?" त्यांनी अक्कांना अदबीने विचारलं.

मी अक्कांकडे बघितलं. त्या अजिबात गडबडल्या नाहीत.

"तुमच्या लेकीची मैत्रीण."

"असं होय! मग बसा ना." त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. "ती येईलच आता. कितीही काम असो, माझी लेक अंधार पडू देत नाही."

"होय," अक्का त्यांच्याजवळ बसत म्हणाल्या, "ती सांगते मला तुमच्याबद्दल."